तवाबेचचा एकच घास

डोंगरातल्या आमच्या देस्सी शहरात धुकं उतरलं की समोरचं घरसुद्धा दिसत नाही, पण तवाबेचच्या खाणावळीची वाट कोणी चुकत नाही. नाक नेईल तिकडे जायचं. तेफ या बारीक धान्याच्या आंबलेल्या पिठाचा वास, मातीच्या तव्यावरून सुटणाऱ्या इंजेरा या जाळीदार, आंबट भाकरीची वाफ आणि लाल मसाल्यात रटरटणारं शिरोचं पिठलं. तोसा डोंगरावरून गारठा खाली सरकला की माणसं जाडजूड गाबी पांघरून, खोकत, काठ्या टेकत तिच्या दारात येतात आणि आत शिरल्यावर एकमेकांना बघून 'हाही आला वाटतं' असं तोंड करतात.

खाणावळ म्हणायची आपली. दाराला पाटी नाही. निळ्या रंगाच्या मातीच्या भिंती, जेमतेम टेकता येईल एवढी स्टुलं आणि गवताने विणलेल्या उंच टोपल्या. टोपलीवर एक ताट, ताटभर पसरलेला एक इंजेरा, त्यावर भाज्यांचे आणि वरणाचे ढीग, आणि भोवती चार माणसांचे चार उजवे हात. वेगळं ताट मागणारा माणूस तवाबेचला आवडत नाही. असा कोणी परगावचा आलाच तर ती त्याला सरळ माझ्या ताटावर आणून बसवते आणि सांगते, "याच्याशी बोलू नका, नुसतं जेवा. बोलत बसलात तर उपाशी उठाल."

माझं नाव देमिसे. न्हाव्याचं दुकान आहे, तिच्या बरोबर समोर. तोंडाळ म्हणून मी वस्तीत प्रसिद्ध आहे आणि मला त्याची लाज नाही. गप्प बसणाऱ्या न्हाव्याकडे दाढी करायला जाणार कोण? तवाबेचबद्दल इथे नाही नाही ते बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गळ्यावरून माझा वस्तरा फिरतो. मी ऐकून घेतो. पण तिच्या हाताचं खरं काय ते त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, म्हणून सांगायचं तर मीच सांगितलेलं बरं.

ती मूळची वर डोंगरातल्या लास्ताकडची. मोठा दुष्काळ पडला तेव्हा लहान पोर होती. आईबरोबर डोंगर उतरून देस्सीकडे चालत निघाली. आईच्या पाठीवर मातीचा तवा, आणि कमरेला बांधलेल्या भोपळ्यात आंबलेल्या पिठावरचं पिवळं पाणी. तेच विरजण म्हणून पुढच्या पिठाला लावायचं असतं. घरात मूठभर पीठ उरलं नव्हतं, तरी त्या बाईला विरजण टाकून द्यायचा धीर झाला नाही. वाटेत कुठल्याशा छावणीत ओंजळभर शिजवलेलं धान्य मिळालं. आईने त्यातला एक घास पोरीला भरवला. आमच्याकडे एका घासावर कोणी थांबत नाही. प्रेमाने भरवायचं तर दुसरा द्यायचाच, नाहीतर माणसाला अर्ध्यात सोडल्यासारखं होतं. दुसरा घास करायला आई खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. पोर तोंड उघडून बसली होती. कितीतरी वेळ तिला वाटत होतं की आई घास नीट वळते आहे.

हे तिने मला एकदाच सांगितलं, तव्यावर पीठ ओतताना, माझ्याकडे न बघता. त्या भोपळ्यातलं विरजण तिने देस्सीपर्यंत आणलं आणि तेव्हापासून ते एकदाही तुटू दिलेलं नाही. आजचं पीठ कालच्या पाण्याने आंबतं, कालचं परवाच्या. मी थट्टेत म्हणालो, म्हणजे आम्ही सगळे तुझ्या आईच्याच हातचं जेवतो की. त्यावर ती म्हणाली, "मग? तुला काय वाटलं, माझ्या हातचं जेवतोस?" आणि हसली नाही.

तिचा नवरा फौजेत गेला तो गेलाच. परत आला नाही आणि मेल्याची बातमीही आली नाही. पाठीमागे एक मुलगा ठेवून गेला, एंदाले. माझ्या घरी त्याच्याच वयाचा सुराफेल. माझी बायको तापाने गेली तेव्हा तो रांगत होता. मला कात्री चालवता येते, चूल नाही. तवाबेचने न विचारता पोराला उचलून नेलं आणि एंदालेच्या ताटाला बसवलं. दोघं एका ताटात जेवून मोठे झाले, एका ताटावरून भांडले, आणि रात्री मी सुराफेलला ओढत घरी न्यायचो तेव्हा तो तिच्या खाणावळीचा खांब धरून रडायचा.

आता तिच्या हाताचं. मरणाची बातमी आम्ही कोणाला तोंडावर सांगत नाही. कोणाचं माणूस परगावी वारलं तर ते आधी इदिरला कळतं. इदिर ही आमच्या वस्तीची मयतीची मंडळी. तंबू, बाकं, भांडी, खांदेकरी सगळं तिच्याकडे. मंडळी कळल्यावरही गप्प राहतात. गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, कोणी विचारायचंही नाही. संध्याकाळी त्या माणसाला काहीतरी निमित्त काढून पोटभर जेवू घालतात, कारण पुढचे कितीतरी दिवस त्याच्या घशाखाली अन्न उतरणार नसतं. रात्री झोपू देतात. आणि उजाडता उजाडता सगळे पांघरुणं घेऊन त्याच्या दारासमोर जाऊन उभे राहतात. दार उघडून एवढी माणसं दिसली की सांगायचं काही उरत नाही.

ते जेवू घालायचं काम ओघानेच तवाबेचकडे आलं. इदिरचे मुख्य गाशे यिमाम. गाशे म्हणजे आमच्याकडचे दादा-काका. ते मुसलमान, आमच्याकडचं मांस त्यांना चालत नाही, म्हणून आमच्या उपासाच्या बुधवारी आणि शुक्रवारी ते तिच्याकडे डाळी-भाज्या जेवायचे आणि बाकीच्या दिवशी दारातच कॉफी पिऊन जायचे. ते येऊन हळूच तिच्या कानात सांगायचे की आज अमक्याला नीट जेवू घाल. ती काही विचारायची नाही. त्या माणसाच्या ताटाशी येऊन बसायची, इंजेराचा मोठा तुकडा तोडायची, चांगलं चांगलं त्यात गुंडाळायची आणि स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात द्यायची. माणूस खूश व्हायचा. ती दुसरा घास द्यायची नाही. हात धुऊन आत निघून जायची. मी एकदा तिला टोकलं की एका घासावर का थांबतेस, लोकांच्या डोळ्यांवर येतं. ती म्हणाली, दुसऱ्या घासाला हात वळतच नाही.

इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. मग लकेव मास्तरांचं झालं. मास्तर माझ्याच ताटाला बसले होते, कुठल्यातरी विद्यार्थ्याच्या मूर्खपणाची गोष्ट रंगवून सांगत होते. तवाबेच आतून आली, पदराला हात पुसला, त्यांच्या शेजारी बसली आणि एक घास भरवून उठून गेली. गाशे यिमाम समोरच होते. त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांनी तिला काही सांगितलेलं नव्हतं आणि त्यांना काही कळलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गावाकडून, गोज्जामहून माणूस आला. मास्तरांची आई गेली होती. आम्ही दिवस-वेळ ताडून पाहिली. मास्तर दुपारी ताटावर हसत होते तेव्हा म्हातारी जिवंत होती. संध्याकाळची गुरं बांधून आत येताना उंबऱ्यावर पडली.

गाशे यिमामांनी तवाबेचला बाजूला घेऊन विचारलं, तुला कोणी सांगितलं? ती म्हणाली, "कोणी नाही. हात उठला, मी त्याच्या मागे गेले."

त्यानंतर आमची जेवणं बदलली. ती स्वयंपाकघराच्या दारात दिसली की बोलणी थांबायची. काही जण घाईघाईने तोंडात एवढं कोंबून ठेवायचे की तिचा घास आत जायला जागाच राहू नये. गालफडं फुगवून बसलेले दहा बाप्ये आणि मधून ताट घेऊन चालणारी एक बाई. बघून हसू यायचं आणि हसलं की घास ठसक्याने बाहेर यायचा. दाराजवळची स्टुलं आधी भरू लागली. दोघा-चौघांनी येणं सोडलं, पण दुसरीकडचं शिरो खाऊन महिन्याभरात परत आले. हात वाईट म्हणून चव कोण सोडतो?

आणि हात उठतच राहिला. टायरवाल्याचा भाऊ, पोस्टातल्या बाईची मुलगी. दर वेळी एकच घास, आणि मागाहून बातमी. लोक म्हणू लागले की हिच्या घासानेच माणसं मरतात. माझ्या खुर्चीत बसून एकाने असं म्हटलं तेव्हा मी वस्तरा थांबवून त्याला विचारलं की अर्धी दाढी घेऊन घरी जाणार का. तो गप्प झाला. पण मलाही तिची भीती वाटायची. भीती वाटायची आणि दोन्ही वेळ तिच्याकडे जेवायचो.

शेवटी तिने हातच बांधला. अंगावरच्या पांढऱ्या नेतेला ओढणीचं टोक उजव्या मनगटाला गुंडाळून ती गाठ मारायची आणि तो हात पोटाशी धरून ठेवायची. पीठ ओतायला, ताट उचलायला गाठ सोडायची, पण जेवणाऱ्यांमध्ये यायचं तर हात बांधलेलाच. डाव्या हाताने ती कोणाला भरवणार नव्हती, तेवढी रीत तिला होती.

यात हाल झाले एंदालेचे. आमच्याकडे आई मुलाला मिशा फुटल्या तरी घास भरवते. पोरं लाजतात आणि तोंड उघडतात. एंदालेने आईचा घास खाऊन वर्षं झाली होती. तो मोठा झाला, ट्रक चालवायला लागला, जिबूतीच्या बंदरापर्यंत जाऊ लागला. सुराफेल त्याच्याच गाडीवर क्लीनर. निघायच्या दिवशी दोघं तिच्याकडे जेवायचे आणि एंदाले मुद्दाम तोंड उघडून आईसमोर बसायचा. ती डाव्या हाताने त्याच्या टाळक्यात मारायची. एकदा तो चिडून म्हणाला, "माझ्यापेक्षा ते पिठाचं मडकं बरं. त्याला तरी रोज तुझा हात लागतो."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, एक घास दे की पोराला, दोन दे, प्रेमाने दे, तुझ्या मनाने दे. तिने मला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. "ज्याला मी भरवते त्याचं माणूस जातं. एंदालेचं माझ्याशिवाय कोण आहे? मी मरायला भीत नाही रे. पण दुसरा घास करायला वाकले आणि तशीच राहिले तर? तो तोंड उघडून बसेल."

मी हात धुतले आणि दुकान उघडायला गेलो.

तो बुधवार होता, पोरं जिबूतीच्या फेरीवर होती. दुपारपासून धुकं इतकं दाट की दुकानात दिवा लावला होता. गाशे यिमाम आले, बाकावर बसले आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत बसूनच राहिले. मग म्हणाले, पडदा ओढ. माझ्या हातातला वस्तरा मी आधी खाली ठेवला.

जिबूतीच्या वाटेवर, मिल्लेच्या पुढे, सपाट वाळवंटात, गाडी रस्ता सोडून उलटली होती. मागून येणाऱ्या देस्सीच्याच एका ड्रायव्हरने फोन केला होता. एकाला दुब्तीच्या दवाखान्यात नेलं, पाय मोडलाय, तोंडाला मार आहे, अजून शुद्धीवर नाही. "आणि जो गाडी चालवत होता," असं म्हणून गाशे यिमाम थांबले आणि पडद्याच्या फटीतून समोर बघत राहिले. फोनवर त्या माणसाने नाव घेतलं नव्हतं. यिमामांनी विचारलं नव्हतं. विचारायचं नसतं. गाडी चालवणारा कोण, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं.

मी खाली बसलो. सुराफेल जिवंत होता. मला जे वाटलं त्याला आनंद म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरं नावही त्याला नाही. त्याच्या पाठोपाठ समोरून, तवाबेचकडून कॉफी भाजल्याचा वास आला आणि मला हुंदका फुटला. एंदालेही माझ्याच हाताखाली वाढला होता. त्याचं जावळ मी काढलं होतं.

मला तेव्हाच्या तेव्हा दुब्तीला निघायचं होतं. धुक्यात घाटाखाली कोणी गाडी काढायला तयार नव्हतं; पहाटेची जीप ठरली. "तोवर एक काम कर," गाशे यिमाम म्हणाले. "आज तिला जेवू घालायचंय. ती आमच्या कोणाच्या हातचं खाणार नाही. तुझ्या हातचं खाईल." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत तिला कोणीच घास भरवलेला नाही. तिच्या आईनंतर कोणीच नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं गेलो, गाशे यिमाम, लकेव मास्तर आणि मी. ती ताट घेऊन आली. उपासाचं जेवण, मसूर, बटाटा, शिरो. हात पोटाशी बांधलेला. आमच्याकडे बघून म्हणाली, "तिघं एका ताटाला, आणि देमिसे गप्प? कोणाचा कान कापलास का आज?"

मास्तर हसायला गेले, जमलं नाही. मी म्हटलं, तवाबेच, जरा बस आमच्यात. ती कधी गिऱ्हाइकांत बसत नसे. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गाशे यिमामांकडे, मग ताटाकडे. तिला कळलं. ज्या बाईने अख्ख्या वस्तीला असं जेवू घातलं तिला कळायला किती वेळ लागणार? ती स्टुलावर बसली. बाकीच्या टोपल्यांवरची माणसं हात ताटात ठेवून थांबली होती.

मी इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो घेतलं, नीट गुंडाळलं. तिने तोंड उघडलं. पन्नाशीची बाई, पण त्या क्षणी तिचं तोंड अगदी लहान पोरीचं दिसलं. मी घास तिच्या ओठांपर्यंत नेला.

तेवढ्यात माझ्या तोंडात काहीतरी आलं.

तिने गाठ कधी सोडली मी पाहिलं नाही. गाशे यिमामांनी पाहिलं नाही, मास्तरांनीही नाही. नेतेला खाली पडला होता आणि तिचा उजवा हात माझ्या तोंडाशी होता. मी चावलं. भरवलेला घास थुंकायचा नसतो, आणि शरीर आधी रीत पाळतं, मग विचार करतं. घास गरम होता. ताटातलं जेवण तोवर निवलं होतं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"एंदालेचं सांगायला आला होतात ना?" तिने विचारलं. "तो नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर उजेड आल्यासारखं झालं, आणि मग तिची नजर माझ्यावर आली आणि तो उजेड विझला. ती घाईघाईने ताटावर वाकली.

ती दुसरा घास करत होती. तुकडा तोडत होती, तो हातातून गळत होता. पुन्हा तोडत होती. बोटं शिरोत बुडत होती आणि रिकामी वर येत होती. डाव्या हाताने तिने उजवं मनगट पकडलं आणि वर उचलायला लागली, विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसं. हात ताटातून हलेना.

मला संताप आला. भीतीचा असेल, पण आला तो संताप म्हणून. मी ओरडलो, "तवाबेच, हात आवर. पोरगा तुझा गेलाय, माझा नाही. माझा जिवंत आहे."

असं आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. गाशे यिमामांनी डोळे मिटून घेतले. मास्तर उठून उभे राहिले आणि त्यांचं स्टूल उलटलं. आणि ती? ती रडली नाही, छाती बडवली नाही. ती तशीच हात ओढत राहिली आणि हळू आवाजात म्हणत राहिली, "थांब, देमिसे. उठू नकोस. एकच राहिलाय. एकच."

मी उठून निघून गेलो. रात्री मी सुराफेलचे कपडे पिशवीत भरले, दवाखान्यात लागतील म्हणून. त्याचा स्वेटर, त्याची कंगवा-फणी. तोंड खळखळून धुतलं तरी त्या घासाची चव जाईना.

उजाडायच्या आधी मी पिशवी घेऊन खाली आलो. धुक्यात इदिरची मंडळी तिच्या दारासमोर उभी होती, पांढरी पांघरुणं डोक्यावरून घेतलेली, सगळ्यांची तोंडं तिच्या दाराकडे. मीही त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. जीप आली की निघणार होतो. गाशे यिमामांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी बाजूला होऊन ऐकलं. 'हो' म्हणाले.

परत येऊन त्यांनी शेजारच्याच्या कानात काही सांगितलं. त्याने पुढच्याच्या. मी पाहत होतो. ती पांढरी पांघरुणं एक एक करून दाराकडून वळली आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे झाली.

"देमिसे," गाशे यिमाम म्हणाले, "जरा खाली बस."

मी बसलो नाही. पिशवी उराशी धरून उभा राहिलो. कोणीतरी नाव घेईल म्हणून मी वाट बघत होतो, आणि कोणी नाव घेऊ नये म्हणून मनात गयावया करत होतो. तेव्हा तिचं दार उघडलं. तवाबेच बाहेर आली, माणसांतून सरळ वाट काढत माझ्यापाशी आली, आणि वस्तीत त्याचं नाव पहिल्यांदा तिनेच घेतलं. सुराफेल, सुराफेल, अशी हाक मारत ती धुक्यात खाली बसली. तिचा मुलगा जिवंत होता आणि ती माझ्या मुलाच्या नावाने माती डोक्यावर घेत होती.

एंदाले शुद्धीवर आला होता. पायाला लोखंड घालून काही महिन्यांनी घरी आला. त्याने सगळं सांगितलं. रस्ता सरळ होता, समोर चिटपाखरू नव्हतं, सुराफेल मागेच लागला होता की थोडा वेळ मला दे, आणि एंदालेच्या डोळ्यांवर झोप होती. त्याने जागा बदलली. एवढंच. कधी कधी मला एंदालेचं तोंड बघवत नाही आणि एक दिवस दिसला नाही तर करमत नाही. त्याची दाढी मीच करतो. पैसे घेत नाही.

खाणावळ चालू आहे. लोक अजूनही दाराजवळची स्टुलं आधी धरतात. तवाबेचचा हात पुन्हा बांधलेला असतो. पण माझं ताट आलं की ती शेजारी येऊन बसते, गाठ सोडते आणि मला भरवते. पहिल्यांदा तिने असं केलं तेव्हा गाशे यिमाम घाबरून म्हणाले, अगं, हे काय, पोटच्या पोराला भरवत नाहीस आणि याला भरवतेस?

"याचं आता कोणी उरलं नाही," ती म्हणाली. "याला भरवायला भीती नाही."

माझ्या तोंडावर म्हणाली. मला राग यायला हवा होता. मी तोंड उघडलं.

तेव्हापासून रोज दोन घास. एंदाले माझ्या समोर, त्याच ताटाला बसतो, सुराफेलच्या जागेवर, आणि आपल्या हाताने जेवतो. पहिला घास माझ्या तोंडात पडला की तो जेवायचा थांबतो. आईचा हात पुन्हा ताटाकडे वळेपर्यंत, दुसरा घास माझ्या तोंडात जाईपर्यंत, तो हातातला तुकडा तसाच धरून बसतो. मीही तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत असतो.